पस्तीसचे त्रेपन्न

"मॅडम, चोरीला नक्की काय गेलं?"
"डेटा."
"म्हणजे आता तो तुमच्याकडे नाही?"
"आहे ना. जागच्या जागी आहे."
समोरच्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मला त्यांचा रागही आला नाही. कपाट फोडलेलं नाही, कुलूप तुटलेलं नाही, एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही, आणि ही बाई महाप्याहून रिक्षा करून चोरीची तक्रार द्यायला आलेली.

आमचा धंदा पंपांच्या मेकॅनिकल सीलचा. पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथून केमिकल गळू नये म्हणून बसवतात ते. रबाळे, तुर्भे, तळोजा इथल्या कारखान्यांत आमची मुलं व्हर्नियर घेऊन पंपांखाली वाकून मापं घेत फिरली, चौदा वर्षं. कुठल्या प्लांटमधला कुठला पंप, शाफ्ट किती मिलिमीटर, ओ-रिंग व्हायटॉनची की टेफ्लॉनची, सील शेवटचं कधी बदललं, हे सगळं आधी वह्यांत होतं. मग मी एक्सेलमध्ये घातलं, आणि २०१७ मध्ये ऑनलाइन डेटाबेसमध्ये. तेवीसशे पंप. जवळजवळ प्रत्येक नोंद माझ्या हातची.

२०२२ च्या पावसाळ्यात गिऱ्हाइकं गळायला लागली. तळोज्याच्या एका मेंटेनन्स साहेबांनी सांगितलं, "तुमच्या आधी त्यांचाच फोन येतो. सील बदलायला आलंय, कोटेशन पाठवू का म्हणतात." ते म्हणजे आमच्याच लायनीतली दुसरी कंपनी. मार्चमध्ये आमचा एक सेल्स इंजिनियर तिकडे गेला होता. मला ताई म्हणायचा. माझ्या मुलीच्या दहावीच्या निकालाला पेढे घेऊन कोपरखैरण्याला घरी आला होता. त्यामुळे त्याचं नाव आधी मनात आलं तरी तोंडातून काढायला मला आठवडा लागला.

संशय तो किती दिवस संशयच राहतो! पण एका गिऱ्हाइकाने त्यांचं कोटेशन गंमत म्हणून मला फॉरवर्ड केलं. "बघा, ही माणसं ३५ च्या शाफ्टला ५३ चं सील विकतायत." मी उघडलं आणि माझे हात गार पडले.

ती चूक माझी होती. कधीतरी साइटवरून मुलाने फोनवर माप सांगितलं, "पस्तीस." आपल्या मराठीत आकडा उलटा ऐकू येतो, पाच आधी, तीस मागून. मी घाईत तसाच टाइप केला: ५३. दोन्ही मापं बाजारात मिळतात, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आलं नाही. आम्ही दर वेळी जुन्या बिलावरून सील पाठवायचो, ते बरोबरच जायचं. ती चुकीची नोंद जगात एकाच ठिकाणी होती. प्लांटमध्ये जाऊन माप घेणाऱ्याला ३५ च मिळालं असतं. ५३ फक्त माझ्या डेटाबेसमध्ये बघणाऱ्याला मिळणार.

मग लॉग काढले, म्हणजे डेटाबेसमध्ये कोण कधी शिरलं याच्या नोंदी. मार्चमध्ये नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन जुलैपर्यंत चालू, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर, आणि तीनदा पूर्ण यादी एक्सपोर्ट. आमच्या साहेबांनी पहिला प्रश्न मलाच विचारला: "त्याचं लॉगिन बंद कोणी करायचं होतं?" मीच. लेखी कोणी सांगितलं नव्हतं, पण मीच.

बेलापूरच्या वकीलबाईंकडे मी हेच रडगाणं घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "दार उघडं होतं हे तुम्ही स्वतःला विचारा. कायदा विचारतो, परवानगी होती का?" माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३: मालकाच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं, डेटा उतरवून घेणं, त्याची नक्कल काढणं. मूळ जागेवरून काही नाहीसं व्हावंच लागतं असं त्यात नाही. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरपाईसाठी वेगळा रस्ता: राज्याच्या आयटी खात्याचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात, पाच कोटींपर्यंतचा दावा त्यांच्यापुढे चालतो. मंत्रालयात असलं काही चालतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

लॉग पुरावा म्हणून द्यायचे तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ बी चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचं, प्रमाणपत्र लागणार होतं. त्यासाठी त्यांनी जालन्याचा दाखला दिला. तिथल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले का, हा वाद व्हिडिओ चित्रीकरणावर अडला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०२०. मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं तिथे ठरलं. (आता नव्या साक्ष्य कायद्यात ते कलम ६३ झालंय.) सही माझी. संगणक सांभाळणारी मी ना!

समोरच्या वकिलांचं उत्तर ठरलेलं होतं: पंपांची मापं ही नुसती माहिती आहे, माहितीवर कोणाची मालकी? अगदीच खोटं नाही ते. मोडक प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या घामाला, म्हणजे नुसत्या मेहनतीला, कॉपीराइट नाकारला, थोडं तरी डोकं चालवलेलं दिसावं लागतं म्हणाले. उलट १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बर्लिंग्टन कंपनीची गिऱ्हाइकांची यादी संरक्षणास पात्र मानली होती, आणि तिथेही जुना नोकरच होता. वकीलबाई म्हणाल्या, या वादात शिरायचंच कशाला, आपण शिरकावावर बोलू.

त्या दिवसांत रात्री झोप लागायची नाही, मोबाइलवर काहीबाही वाचायचे. अमेरिकेत बेसबॉलच्या संघांनीही हेच केलंय. सेंट लुईस कार्डिनल्समधला एक माणूस ह्यूस्टन अॅस्ट्रोजकडे गेला, जाताना लॅपटॉप आणि त्याचा पासवर्ड जमा करून गेला. कार्डिनल्सच्या ख्रिस कोरेयाने त्यावरून नवा पासवर्ड ताडला आणि अॅस्ट्रोजच्या 'ग्राउंड कंट्रोल' या डेटाबेसमध्ये शिरला. २०१६ मध्ये त्याला ४६ महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी कार्डिनल्सना अॅस्ट्रोजला वीस लाख डॉलर द्यावे लागले, वर खेळाडू निवडण्याच्या आपल्या पहिल्या दोन पाळ्याही. ते वाचून मला बरं वाटलं. मग पेढे आठवले आणि फोन बाजूला ठेवला.

आमचं तेवढं ताणलं गेलं नाही. चौकशीला बोलावणं गेल्यावर समोरचे नरमले. वाशीच्या एका हॉटेलात दोन्हीकडचे वकील, दोन्हीकडचे साहेब आणि मी. तो आला नव्हता. काही रक्कम ठरली, डेटा वापरणार नाही असं स्टँप पेपरवर लिहून मिळालं. त्यात एक कलम होतं, 'सदर डेटा मूळ मालकास परत करण्यात येत आहे'. आणि खरोखरच त्यांनी पाकिटातून एक पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे सरकवला.

मी रीतसर पोच दिली. ऑफिसला येऊन तो लावला, फाइल उघडली, त्या पंपाची ओळ शोधली. ५३.