प्लेस्टेशन ३ च्या पीकेजी फाइलच्या पोटात

परवा प्लेस्टेशन ३ ची एक जुनी पीकेजी फाइल, म्हणजे कन्सोलवर खेळ बसवण्याचे पॅकेज, हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट सोळा-आधारी आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली. सुरुवातीचे चार बाइट ७एफ, ५०, ४बी आणि ४७ असे होते. त्यांपैकी शेवटचे तीन म्हणजे सरळ 'पी', 'के', 'जी' ही अक्षरे. या कन्सोलचा सेल प्रोसेसर बिग एंडियन असल्यामुळे हेडरमधील (फाइलच्या आरंभीच्या माहितीच्या भागातील) आकडेही थोरला बाइट आधी अशा क्रमाने लिहिलेले असतात, आणि इंटेलच्या उलट्या क्रमाच्या सवयीने वाचणारा पहिल्याच आकड्याला फसतो. मीही फसलो.

१२८ बाइटच्या मुख्य हेडरमध्ये फाइलींची संख्या, एकूण आकार, विदा कुठून सुरू होते तो ऑफसेट आणि पॅकेजची ओळख सांगणारा ३६ अक्षरांचा कंटेंट आयडी असतो. शेवटचे सोळा बाइट मला सर्वांत रोचक वाटतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या पॅकेजची विदा एईएस-१२८ या कूटलेखनाच्या काउंटर पद्धतीने, म्हणजे दर ठोकळ्याला वाढणारा एक आकडा किल्लीसोबत वापरून, कूटबद्ध असते आणि त्या काउंटरचा आरंभ याच सोळा बाइटांपासून होतो. दर सोळा बाइटांच्या ठोकळ्यामागे काउंटर एकाने वाढत असल्याने, किल्ली हाती असल्यास, आधीचे काहीही न उलगडता मधलीच एखादी फाइल थेट वाचता येते. कित्येक गिगाबाइटांच्या खेळासाठी ही सोय मोलाची आहे.

फाइलींची यादीही कूटबद्ध भागाच्या आरंभीच असते: प्रत्येक नोंद ३२ बाइटांची, तिच्यात नावाचा पत्ता व लांबी, मजकुराचा पत्ता व आकार आणि फाइल की फोल्डर हे सांगणारे फ्लॅग. प्रत्यक्ष नावे मात्र वेगळी, यादीनंतर साठवलेली असतात.