गेम बॉय डीएमजी-01: सातपैकी सहा उभ्या रेषा परत

यंत्र म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, 1989च्या मूळ बनावटीचा: चार एए सेल, 160 बाय 144 पिक्सेलचा हिरवट पडदा. तक्रारी तीन. मध्येच रीसेट होणं, सुरू करताना निन्टेंडोच्या लोगोच्या जागी काळा ठोकळा, आणि पडद्यावर सात उभ्या रेषा कोऱ्या.

बॅटरीच्या पत्र्यांवर पांढरा थर होता. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणून आधी व्हिनेगरमध्ये बुडवलेला इअरबड, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. सँडपेपर नको, मुलामा निघाला की पत्रा लवकर गंजतो. रीसेटचं मूळ मात्र चालू-बंदच्या स्विचमध्ये निघालं. आतले संपर्क काळे पडले की रोध वाढतो आणि व्होल्टेज पडतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून, सेल बाहेर ठेवून, स्विच तीसेक वेळा मागेपुढे केला. रीसेट थांबले.

काळा ठोकळा दिसला की बोर्ड मेला असं समजू नका. सुरुवातीला खाली सरकणारा लोगो यंत्र कार्ट्रिजमधूनच, म्हणजे खेळ असलेल्या खोचायच्या डबीतूनच, वाचतं. त्याचे 48 बाइट आतल्या प्रतीशी जुळले नाहीत तर पुढे जातच नाही. कार्ट्रिजच्या पिना अल्कोहोलने पुसल्या, काम झालं. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात.

आता पडदा. खोक्याचे सहा स्क्रू तीन पाकळ्यांचे, आतले साधे फिलिप्स. दोन भाग झटक्यात उघडू नका. मधली रिबन (चपटी केबल) आधी सॉकेटमधून सरळ ओढून काढायची. उभ्या रेषा जातात त्या काचेच्या खालच्या कडेला. तिथली रिबन सोल्डर केलेली नसते, उष्णतेने चिकटवलेली असते, आणि वर्षांनी ती पकड सुटते. सोल्डरिंग आयर्न 200 अंशांच्या आसपास ठेवून, टोक काचेला न लावता, फक्त रिबनवरून हलक्या दाबाने सावकाश फिरवलं. एका जागी थांबलं की प्लास्टिक वितळतं आणि रेषा कायमची जाते. यंत्र चालू ठेवलं तर रेषा परतताना दिसतात, पण थंड झाल्यावर पुन्हा तपासा. गरम असताना आलेल्या दोन रेषा थंड होताच गेल्या, दुसऱ्या फेरीत टिकल्या. आडव्या रेषा गेल्या असत्या तर बाजूची रिबन पाहावी लागली असती, आणि ते काम जास्त नाजूक.

सहा आल्या. सातवी अगदी उजव्या कडेची, अजून कोरीच.

आयपीएस (आधुनिक, वेगवान एलसीडी) पडदा बसवणं सोपं आहे, चित्रही लखलखीत येतं. तरी मूळ पडदा वाचवण्यासारखा आहे. काही खेळांत चित्र एकाआड एक फ्रेम दाखवून पारदर्शकतेचा भास केलेला असतो. या संथ पडद्यावर ते एकजीव दिसतं, वेगवान पडद्यावर लुकलुकतं.

पुढचं काम: कडेच्या रेषेसाठी आणखी एक फेरी, तीही आयर्न 10 अंश कमी ठेवून. नंतर डागाळलेली पोलरायझर फिल्म, म्हणजे पडद्यावरचा प्रकाश गाळणारा पातळ थर.