तारीख विसरणारा संगणक

नौपाड्यातल्या घरी वडिलांचा जुना डेस्कटॉप रोज सकाळी तारीख विसरू लागला, बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे तो) बदलू लागला आणि चुकीच्या तारखेमुळे बँकेचे संकेतस्थळही उघडेना, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य सर्किट बोर्ड, बदलण्याचा सल्ला दिला. मला तो पटला नाही. अशी लक्षणे बहुधा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपत आल्याची असतात. वीज नसताना संगणकाचे घड्याळ तोच चालता ठेवतो आणि सुरुवातीची सेटिंगही तोच जपतो. भिंतीवरचा स्विच रोज रात्री बंद करण्याची सवय (ती चांगलीच आहे) असेल, तर सगळा भार या सेलवर येतो.

सेल काढण्यापूर्वी बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) सेटिंगचे फोटो अवश्य घ्यावेत, विशेषतः साटा मोडचा, म्हणजे हार्डडिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचा, कारण त्यात एएचसीआय या पद्धतीच्या जागी जुनी आयडीई आली, तर विंडोज निळा पडदा दाखवून अडू शकते आणि हार्डडिस्क गेल्याचा नाहक समज होतो. वीजतार काढून खाचेतली बारीक पत्री नखाने सारताच सेल वर उसळला. अधिक चिन्ह वर ठेवून नवा सेल बसवला आणि सेटिंग टिकले. नवा सेल बसवूनही कोणाचे सेटिंग टिकले नाही, तर क्लिअर सीमॉसचा जंपर (सेटिंग पुसण्यासाठी पिनांवर बसवायची छोटी टोपी) चुकीच्या पिनांवर नाही ना, हे पाहावे.