पावसाळा सोडून ऑक्टोबरात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सह्याद्रीचे फोटो काढायचे तर सगळे जुलै-ऑगस्टमध्ये जातात, मग मी ऑक्टोबरपर्यंत का थांबतो, हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

पावसाळ्यातला सह्याद्री मला प्रिय आहे, पण तो दिसतो कुठे? धुक्यात दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही, तिथे समोरचा कडा काय दिसणार! ऑक्टोबरात पाऊस माघारी फिरतो आणि धुऊन काढलेली हवा मागे ठेवून जातो. डिसेंबरनंतर हीच हवा धुरकट होते, लांबचे डोंगर पुसट होतात. मधले ते दिवसच काय ते खरे.

मी बहुतेक वेळा रतनगडावर जातो. पायथ्याच्या रतनवाडीत मुक्काम, पहाटे अंधारातच चढाई. लोखंडी शिड्या दवाने ओल्या असतात, तिथे घाई करायची नाही. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या त्या भोकात, उजाडण्याआधी पोचायचं. उत्तरेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि त्यांच्या उजवीकडे कळसूबाई, १६४६ मीटर. सूर्य पूर्वेकडून वर आला की उजेड या डोंगरांवर आडवा पडतो आणि मग सह्याद्रीची घडण उलगडते. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले. प्रत्येक थराच्या कडेवर गवताची पट्टी, तिच्याखाली काळा कातळ, पुन्हा गवत. पावसाळ्यात हे सगळं एकसारखं हिरवं असतं. ऑक्टोबरात वरचं गवत पिकून सोनेरी होतं, ओलाव्याच्या घळींत मात्र हिरवं राहतं. डोंगर असा पट्ट्यापट्ट्यांनी मोजता येतो तो याच दिवसांत.

कॅमेऱ्याचं विचाराल तर दोनच गोष्टी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, 'डेलाइट'वर ठेवा. ऑटोवर कॅमेरा सकाळच्या उजेडाचा पिवळेपणा चूक समजून काढून टाकतो. माझी एक अख्खी सकाळ अशी फिकी होऊन गेली, तिची हळहळ अजून आहे. आणि पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, न्या. सूर्य तुमच्या उजव्या किंवा डाव्या खांद्याच्या रेषेत असला की तो सगळ्यात चांगलं काम करतो, आणि नेढ्यातून उत्तरेकडे पाहताना सकाळी नेमकं तसंच असतं. ओल्या कातळावरची चकाकी जाते, काळा रंग खरा काळा उमटतो. नेढ्यातून वारा इतका घोंगावतो की ट्रायपॉडला सॅक लटकवावीच लागते.

उतरताना सोनकीपाशी थांबतो. पिवळी फुलं, दवाने जड होऊन एका बाजूला कललेली. पोटावर झोपून, फुलं पुढे आणि कडा मागे असा फोटो घ्यायचा तर ऊन तापायच्या आत. दव एकदा उडालं की फुलं ताठ होतात आणि ती कललेली ओळ मोडते.

तारीख मात्र मी कॅलेंडर बघून ठरवत नाही. रतनवाडीत ज्यांच्याकडे उतरतो त्या मावशींना फोन करतो आणि विचारतो, "भात पिवळं पडलं का?" "पडायला लागलंय" म्हणाल्या की त्याच शनिवारी निघतो. "कापायला घेतलंय" म्हणाल्या, तर गवतही वाळलेलं असतं. तरी जातो, पण तेव्हा जातो ते मावशींच्या हातच्या नव्या तांदळाच्या भाकरीसाठी.