परुळं किती लांब?

मुंबईहून सिंधुदुर्गातलं आमचं परुळं किती लांब, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, 'जाणार कशाने?' महामार्गाने गेलात तर पाचशे किलोमीटरच्या आसपास. विमानाचा आकडा मात्र मी तिकीट काढल्यावर कागदावरच काढला. परुळ्याला लागूनच चिपीचा विमानतळ आहे, २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला.

हिशेब सोपा आहे. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९ अंश ५ मिनिटं, चिपीचा जवळपास १६ अंश. फरक १८५ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. बोटवाले आणि वैमानिक दोघंही यातच मोजतात. रेखांशातला फरक ४० मिनिटांचा, पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे त्याचे ३८ सागरी मैलच भरतात. पायथागोरस लावला की साधारण १८९ मैल, म्हणजे ३५० किलोमीटर.

मग रस्त्याचे वरचे दीडशे गेले कुठे? ते विमानातून दिसतं. डावीकडची खिडकी मुद्दाम मागून घेतली होती. मुंबईहून विमान बहुतेकदा पश्चिमेला, समुद्रावर उडतं आणि मग दक्षिणेला वळतं. नकाशावर मुंबई ते चिपी पट्टी ठेवून बघा, रेघ किनाऱ्याला चिकटूनच जाते. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, सगळी तिच्या आसपास. खाली एकामागून एक खाड्या येतात. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. मुखाशी खाडी एवढी रुंद, की महामार्ग पार आत महाड, चिपळूण, संगमेश्वर करत जातो. वर कशेडीसारखे घाट. दाभोळहून समोरचं धोपावं दिसतं, फेरीबोटीने काही मिनिटांचं काम. बोट नसेल तर गाडी घेऊन चिपळूणचा वळसा.

वेळेचं गणित मात्र असं सुटत नाही. आमचं विमान एटीआर, पंख्याचं, ताशी पाचशे किलोमीटरच्या घरातलं. त्या हिशेबाने पाऊण तासही लागायला नको. तिकिटावर चांगला सव्वा तासाच्या वर वेळ छापलेला. कारण ती वेळ चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं सगळं धरून. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच चालते. आमच्यापुढे रांगेत मोठी जेट उभी होती. एसटी स्टँडवर लाल डबा फलाटाला लागायची वाट बघावी, तसे सगळे गप बसून होते.

चिपीला उतरलो तर समोर तांबडी सपाट सड्याची जमीन, बाहेर रिक्षावाले. घरी काकांनी पाणी द्यायच्या आधीच विचारलं, "घराकडसून कधी निघालंस?"

"सकाळी सातला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दुपारचे दोन वाजत आले होते. डोंबिवलीहून विमानतळ, तिथली तपासणी, बसून राहणं, हे काही कागदावरच्या त्रिकोणात येत नाही. तरी रात्रभर गाडीत अवघडून बसण्यापेक्षा हे मला केव्हाही परवडलं.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळा टाळा, ढगांखाली एकही खाडी दिसणार नाही. आणि परतताना खिडकी उजवीकडची मागा.