अडीच पेसेव्यांचा स्क्रू

जुलै २००७ चा पहिला आठवडा. घानातल्या टेमा बंदरावर एका हार्डवेअर दुकानाचा हिशोब नव्या चलनात आणायचं काम माझ्याकडे होतं. १ जुलैपासून १०,००० जुने सेडी म्हणजे १ घाना सेडी, म्हणजेच १०० पेसेवा. सॉफ्टवेअरवाल्याचा सल्ला एवढाच, की सगळ्याला दहा हजारांनी भागा. थकबाकी, बँक शिल्लक, पगार सगळं जुळलं. अडलं ते सुट्या स्क्रूंवर.

जुना दर नगाला २५० सेडी. भागल्यावर ०.०२५. दराच्या रकान्यात दशांशाची दोनच घरं, त्यामुळे संगणकाने त्याचे ०.०३ केले. एका वयस्क सुताराने ४,००० नग घेतले. जुन्या हिशोबाने १० लाख, म्हणजे १०० घाना सेडी व्हायला हवे होते. बिल आलं १२० चं. बँक ऑफ घानाची घोषणा होती, ‘किंमत तीच राहील’. सुताराने बिलावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पुन्हा ७९ करताय का?’

त्याचा संशय रास्त होता. मार्च १९७९ मध्ये नोटा बदलताना सरकारने १० जुन्या सेडींचे ७ नवे दिले, आणि ५,००० च्या वरच्या रकमेला १० चे ५. १९८२ मध्ये ५० ची नोटच चलनातून काढली. ज्यांनी घरात रोख साठवली होती, ते यात भरडले गेले.

१९६५ मध्ये पौंड जाऊन सेडी आला, तेव्हाचं गणित मला फार आवडतं. १ सेडी म्हणजे ८ शिलिंग ४ पेन्स; शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे बरोबर १०० पेन्स. दुकानदाराने पेनीच्या जागी पेसेवा लिहायचं, की झालं. दोनच वर्षांत सेडी १० शिलिंगांचा केला आणि ती सोय गेली. २००७ मध्ये ५० जुन्या सेडींच्या नाण्याचा अर्धा पेसेवा होत होता, आणि तसं नवं नाणं नव्हतंच.

आम्ही दराला चार दशांश दिले आणि पूर्णांकन फक्त बिलाच्या शेवटच्या बेरजेवर ठेवलं. फळीवर पाटी लावली, ‘२ नग, ५ पेसेवा’. ज्या जुन्या दरांना १०० ने पूर्ण भाग जात नाही ते वेगळे काढले: खिळे, वॉशर, नट. मग प्रत्येक वस्तूचे नग गुणिले नवा दर, त्यांची बेरीज जुन्या साठ्याच्या किमतीशी ताडून पाहिली. ही ताडणी आधी करायला हवी होती.

सुताराला २० सेडी परत दिले. त्याच्याआधी फाडलेली रोखीची बिलं मी त्याच संध्याकाळी काढली. कुणावरच नाव नव्हतं. ते पैसे परत करता आले नाहीत, आणि ती बिलं अजून डोक्यातून जात नाहीत.