तुम्ही विचारलंत म्हणून: चार सीझनच्या टीमचं काय एवढं?

"मॅडम, तीन वर्षं अमेरिकेत राहून आलात आणि सांगता कशाचं, तर त्या कुठल्या बंद पडलेल्या टीमचं!" मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालक हे मला इतक्या वेळा म्हणालेत की आता मोजत नाही. त्याच दमात दुसरा प्रश्न येतो: "नवीन लीग निघतेय म्हणे. पोरीला पाठवावं का?" मी आधीच्याचं उत्तर देत बसते आणि नंतरचं टाळते, असं मागच्या रविवारी एका आईनं मला तोंडावर सांगितलं. खरंय ते. म्हणून हे लिहितेय.

आधी एक दुरुस्ती. ॲशव्हिल ॲल्टिट्यूड, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातली ती बास्केटबॉल टीम, बंद पडली नाही. ती उचलून नेली. हा फरक तुम्हाला शब्दांचा खेळ वाटेल, मला वाटत नाही.

एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनं, 2001 साली खालच्या फळीची एक लीग सुरू केली, जिला आज जी-लीग म्हणतात. पहिल्या वर्षी आठ टीम होत्या, सगळ्या अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या मध्यम गावांत: ग्रीनव्हिल, मोबील, हंट्सव्हिल, कोलंबस, रोअनोक, फेएटव्हिल, नॉर्थ चार्ल्सटन आणि आमचं ॲशव्हिल. गाव ब्लू रिज डोंगरांत वसलेलं, म्हणून टीमचं नाव 'उंची'. आठही टीमची मालक लीगच होती. गावाचा त्यात एक पैसा नव्हता, आणि गावाला विचारायचीही कुणाला गरज नव्हती.

2002 ची पहिली विजेती ग्रीनव्हिल. 2003 मध्ये ती टीम बंद. 2003 ची विजेती मोबील. तीही त्याच वर्षी बंद. 2004 आणि 2005, लागोपाठ दोन वर्षं ॲशव्हिल जिंकली, जोई मायर कोच असताना. आणि दुसऱ्यांदा जिंकली त्याच वर्षी टीम ओक्लाहोमातल्या टल्साला गेली. कोलंबसची ऑस्टिनला गेली, हंट्सव्हिलची अल्बुकर्कीला. 2006 चा उन्हाळा उजाडला तेव्हा मूळ आठांतली एकही टीम आपल्या गावात उरली नव्हती. आता सांगा, ह्यात कोण हरलं? "चांगलं खेळले असते तर टिकले असते" हे वाक्य माझ्यासमोर कृपा करून बोलू नका. ज्यांनी ट्रॉफी उचलली तेच आधी गेले.

लोक येत नव्हते, हे मात्र खरं. नॉर्थ कॅरोलिनात बास्केटबॉलचं वेड घराघरात, पण ते कॉलेजच्या टीमचं. आजोबा, बाप, नातू एकाच कॉलेजचा रंग घालून टीव्हीसमोर बसणार. 2002 मध्ये शार्लटची एनबीए टीम न्यू ऑर्लिन्सला गेली, 2004 मध्ये शार्लटला नवी आली. मधली दोन वर्षं अख्ख्या राज्यात एनबीएची टीम नव्हती, तरी ती माणसं आमच्या सिव्हिक सेंटरकडे, जिथं ॲशव्हिलच्या मॅचेस व्हायच्या, वळली नाहीत. शिवाय ह्या लीगची रचनाच अशी की ज्याचा खेळ तुम्हाला आवडायला लागला, तो उद्या तिथं असेलच असं नाही. एनबीएच्या कुठल्याही टीमचा फोन आला की पोरगा दहा दिवसांच्या करारावर निघाला. फेएटव्हिलचा क्रिस अँडरसन पहिल्याच महिन्यात डेन्व्हरला गेला आणि पुढं कितीतरी वर्षं एनबीएत खेळला. लीगसाठी ते यश होतं. फेएटव्हिलच्या तिकीट काढून आलेल्या माणसासाठी काय होतं?

मी तिथं 2002 च्या शेवटी गेले. नवऱ्याची नोकरी, माझा एच-फोर, म्हणजे त्याच्या जोडीनं मिळणारा व्हिसा. तेव्हा ह्या व्हिसावर बायकांना काम करायला कायद्यानंच मनाई होती. पुणे विद्यापीठाकडून खेळलेली मी, सकाळी साडेआठला दार बंद झालं की संध्याकाळी सहापर्यंत भिंतीकडे बघत बसायची. पहिल्यांदा सिव्हिक सेंटरला गेले ती निव्वळ बाहेर पडायचं म्हणून. सात हजारांहून जास्त खुर्च्यांचं सभागृह, आणि त्या दिवशी माणसं काही शेकड्यांत. मला ते रिकामं वाटलंच नाही. बूट लाकडावर घासल्याचा कर्रकन आवाज यायचा. डिफेन्स बदलताना खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते शब्दन् शब्द ऐकू यायचं. मॅचच्या आधी एक जण बाकावर बसून बोटांना पांढरी पट्टी गुंडाळायचा, आधी करंगळी आणि अनामिका एकत्र, मग दातांनी तोडून अंगठा. दर वेळी त्याच क्रमानं. आमच्या मैदानावर आम्हीही तसंच करायचो, फक्त पट्टी मेडिकलमधली असायची.

एकदा वॉर्मअपमध्ये बॉल उसळून माझ्या रांगेत आला. मी उठले, पाय रोवला आणि छातीपासून सरळ पास दिला. तो घेणाऱ्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "खेळतेस?" मी म्हणाले, "खेळायचे." ह्या उत्तराची मला लाज वाटली. दुसऱ्याच आठवड्यापासून मी गावातल्या एका जिममध्ये लहान मुलींना फुकट शिकवायला लागले. आज मी कोच आहे, ती सुरुवात तिथली. टीमनं मला काही दिलं नाही, पण ती तिथं होती. ती नसती तर मी त्या घरात बसून राहिले असते.

हे सगळं मी मुलांना रंगवून सांगत आले. "किती दिवस टिकलं ते बघू नका, खेळायला मिळालं का ते बघा." कितीतरी वर्षं हे वाक्य मी बोलले. आता त्या वाक्यानं काय केलं ते सांगते.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा होता. नाव लिहिणार नाही. सहा फूट तीन इंच, डावखुरा, उजव्या बाजूनं घुसला तरी शेवटच्या क्षणी बॉल डाव्या हातात घ्यायचा. वडील एसटीत कंडक्टर. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्याचं पोट कशावर भरतं हे तुम्हाला मी सांगायला नको: रेल्वे, बँका, सरकारी कंपन्या, क्रीडा कोटा. बावीसाव्या वर्षी त्याला एका ठिकाणाहून अशा नोकरीचं पत्र आलं. आणि त्याच पंधरवड्यात एका लीगकडून निरोप आला. एका सीझनचा करार, टीव्हीवर मॅचेस, आणि आकडा असा की त्याच्या घरात तेवढा एकरकमी कुणी पाहिला नव्हता. नोकरीत रुजू व्हायची शेवटची तारीख लीगच्या कॅम्पच्या मधोमध येत होती.

वडील संध्याकाळी मैदानावर आले, ड्युटी संपवून, खाकीतच. पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, घडी पडू नये म्हणून मागे पुठ्ठा. पिशवीतून काढलंही नाही, तसंच माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मॅडम, आम्हाला ह्यातलं कळत नाही. तुम्ही बाहेर राहून आलात. तुम्ही सांगाल तसं." मुलगा फ्री थ्रो मारत होता, आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवून. एक, दोन, तीन. बोर्डाला लागून आत जाणारा आवाज मला आजही ओळखू येतो.

मी त्यांना ॲशव्हिलची गोष्ट सांगितली. हो, त्याच शब्दांत. नोकरी परत मिळेल, हे वय परत मिळणार नाही, असंही म्हणाले. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आणि लीग नाही चालली तर?" मी म्हणाले, "मुलगा चांगला आहे, तो चालेल." अण्णा, तुम्ही हे वाचत असाल तर, त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. तुम्ही लीगचं विचारलं होतं, मी मुलाचं सांगितलं.

तो गेला. सीझन झाला, बरा खेळला. दुसरा सीझन पुढं ढकलला, मग पुन्हा ढकलला, मग फोन उचलेनासे झाले. ठरलेल्या पैशांतले काही आले, काही आले नाहीत. तोवर नोकरीची जागा दुसऱ्यानं भरली होती. पुढच्या वर्षी त्या खात्याच्या टीमला त्याच्यासारखा बाहेरून खेळणारा गार्ड नको होता, बास्केटखाली खेळणारा उंच सेंटर हवा होता. त्याच्या पुढच्या वर्षी भरतीच निघाली नाही.

मी बराच काळ स्वतःचं समर्थन केलं. सांगितलं कुणीही, शेवटी निवड त्याचीच. लीग मी बुडवली नाही. ह्यातलं काही खोटं नाही. पण ॲशव्हिलची गोष्ट सांगताना मी एक भाग दर वेळी गाळत होते, आणि तो मला माहीत होता. तिथल्या खेळाडूंना सीझनचे साधारण तीस हजार डॉलरच्या आसपास मिळायचे. एनबीएतल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात कमी पगाराच्या पोरालाही त्याच्या दहापट. पण ते पैसे मिळायचे तरी, कारण मागे एनबीए होती. टीम टल्साला गेली तरी कोच मायर तिच्याबरोबर गेले. लीग चालू होती, खेळायला दुसरं गाव होतं. आमच्या मुलाच्या मागे कोण होतं? त्याची टीम कुठं हलली नाही, नाहीशी झाली. मी दोन वेगळ्या गोष्टी एकच म्हणून विकल्या. आणि मी स्वतः तिथं प्रेक्षक होते, नवऱ्याचा पगार घरी येत होता. रिकाम्या हॉलमधला बुटांचा आवाज मला सुंदर वाटू शकला तो त्यामुळे.

मग ॲशव्हिलची गोष्ट खोटी का? इथं मी स्वतःशी अजून भांडते. टल्साची टीम पुढं 2014 मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू झाली. 2017 च्या सीझनला आपला भारताचा खेळाडू अमज्योत सिंग त्याच ब्लूकडून खेळला. बातमी वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात ओरडलेच. वंशावळ लावली तर हा मुलगा आमच्या ॲल्टिट्यूडच्या रोपट्याला आलेला. मग दुसऱ्या दिवशी वाटलं, कसलं आमचं? कागद गेला, परवाना गेला. 2024 मध्ये ब्लूनं जी-लीग जिंकली तेव्हा ॲशव्हिलमध्ये कुणी फटाके लावले असतील असं मला वाटत नाही. तरी त्या जिममधल्या माझ्या मुलींपैकी एकीनं पुढं कॉलेजला खेळायला सुरुवात केल्याचं मला पत्रानं कळवलं होतं. ते कुठल्या खात्यात धरायचं?

तो मुलगा आता एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षक आहे. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतो, छोट्यांना लेअप शिकवतो. मागच्या महिन्यात जाळी बदलताना वर चढलेला असताना त्यानं विचारलं, "मॅडम, मी तेव्हा नोकरी घेतली असती, तर तुम्ही माझ्यावर चिडला असतात का?" मी खालून शिडी धरली होती. हो म्हणाले. चिडले असते, तेव्हाची मी. तो काही बोलला नाही, पुढची कडी अडकवली.

तेव्हा ताई, तुम्ही रविवारी विचारलंत त्याचं उत्तर. पाठवा असं मी म्हणणार नाही, पाठवू नका असंही नाही. तुमच्या मुलीचा करार आला की घेऊन या. पैसे कोण देणार, किती हप्त्यांत, दुखापत झाली तर दवाखाना कुणाचा, सीझन रद्द झाला तर काय, हे चार प्रश्न आपण पेन्सिलीनं खुणा करत वाचू. ज्याचं उत्तर त्यात नसेल ते लेखी मागू. तिच्या हातात दुसरं कुठलं पत्र असेल तर तेही आणा, रुजू व्हायची तारीख बघायची आहे. मी सकाळी साडेसहापासून मैदानावर असते.